वाचक विचारतात : ताऱ्यांच्या वर्णपटातले अनोळखी पट्टे

दूरच्या, तप्त ताऱ्यांच्या वर्णपटात काही रुंद, धूसर कडांचे शोषणपट्टे दिसतात. ते ताऱ्याचे नसतात. तारा आणि आपण यांच्यामध्ये पसरलेल्या वायू-धुळीच्या ढगांतून प्रकाश येताना ते उमटतात, म्हणून त्यांना आंतरतारकीय पट्टे म्हणतात. या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. तरंगलांब्या अँगस्ट्रॉममध्ये (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आणि हवेतल्या दिल्या आहेत. जिथे तसे नाही, तिथे स्पष्ट लिहिले आहे.

प्रश्न (नाशिक) : एका बी वर्गाच्या ताऱ्याच्या वर्णपटात ५७८० आणि ५७९७ पाशी खड्डे दिसतात. हायड्रोजन, हेलियम, लोह, कशाच्याही यादीत ते सापडत नाहीत. हा उपकरणाचा दोष तर नाही?

दोष नाही. तुम्हाला या कुटुंबातले सर्वांत प्रसिद्ध दोन पट्टे सापडले आहेत. लिक वेधशाळेत मेरी ली हेगर यांनी १९१९ च्या सुमारास काचपट्ट्यांवर हेच दोन टिपले आणि १९२२ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. ते ताऱ्याचे नाहीत हे ओळखण्याची युक्ती त्याआधीची आहे. जोडताऱ्यातले दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, त्यामुळे त्यांच्या रेषा डॉपलर परिणामाने मागेपुढे सरकतात. योहानेस हार्टमान यांना १९०४ मध्ये मृगातल्या डेल्टा ओरायनिसच्या वर्णपटात कॅल्शियमची एक रेषा मात्र जागची हलत नसल्याचे आढळले. जी रेषा ताऱ्याबरोबर हलत नाही, ती ताऱ्याच्या पृष्ठभागावरची नव्हे. पुढे १९३४ पासून पॉल मेरिल यांनी या रुंद पट्ट्यांचा पाठपुरावा केला आणि त्यांचे उगमस्थान ढगांत असल्याचे पक्के झाले.

आज पाचशेहून अधिक पट्टे माहीत आहेत. बहुतेक इतके क्षीण असतात की मोठी दुर्बीण आणि हजाराच्या घरातला एसएनआर (संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर) लागतो. घरच्या उपकरणाने मिळण्यासारखे ठळक पट्टे म्हणजे ४४२८, ५७८०.५, ५७९७.१, ६१९६.०, ६२८४ आणि ६६१३.६. त्यांच्या रुंदीत मोठा फरक आहे. अर्ध्या खोलीवर मोजल्यास ६१९६ चा पट्टा अर्ध्या अँगस्ट्रॉमहून कमी, ५७८० चा सुमारे २.१, आणि ४४२८ चा तब्बल वीसेक अँगस्ट्रॉम भरतो.

तरी एक खात्री करून घ्या. तारा ओ वर्गाचा, म्हणजे बी वर्गाहूनही तप्त, असेल, तर ५८०१ आणि ५८१२ वर त्याच्या स्वतःच्या कार्बनच्या रेषा असतात आणि कमी विभेदनाच्या, म्हणजे जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या न दाखवणाऱ्या, वर्णपटात त्या ५७९७ ला चिकटतात. तुमचा तारा बी वर्गाचा आहे, तेव्हा हा धोका कमी.

प्रश्न (पुणे) : माझ्याकडे २० सेंमी.ची दुर्बीण आणि अल्पी ६०० हा वर्णपटलेखक आहे. मित्राकडे फक्त स्टार अॅनालायझर १०० ची, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी आहे. आम्हाला काही मोजता येईल का? कोणता तारा घ्यावा?

येईल, आणि कोणाला काय मिळेल ते आधी कागदावर काढता येते. पट्ट्याने गिळलेला एकूण प्रकाश, म्हणजे समतुल्य रुंदी, उपकरणाने बदलत नाही; कमी विभेदनात पट्टा फक्त पसरून उथळ होतो. शर तारकासमूहातला एचडी १८३१४३ घ्या. दृश्यप्रत सुमारे ६.९, वर्ग बी७, महाराक्षसी तारा, आणि मधल्या धुळीने चांगलाच लालावलेला. त्यात ५७८० ची समतुल्य रुंदी पाऊण अँगस्ट्रॉमच्या आसपास आहे. अल्पीचे विभेदन, म्हणजे तरंगलांबी भागिले उपकरणाची स्वतःची रुंदी, ६०० धरले तर ५७८० पाशी उपकरणाची स्वतःची रुंदी ९.६ अँगस्ट्रॉम. तेवढ्यावर पाऊण अँगस्ट्रॉम पसरला की खड्डा सुमारे ७ टक्क्यांचा उरतो. एसएनआर १०० असेल तर तो निर्विवाद दिसेल. मात्र ५७८० आणि ५७९७ मध्ये जेमतेम १६.६ अँगस्ट्रॉमचे अंतर आहे, त्यामुळे दोन्ही एकमेकांत शिरतील. ५७६५ ते ५८१० अशी एकच बेरीज करा आणि नोंदीत ती बेरीज असल्याचे लिहा.

स्टार अॅनालायझरचे विभेदन १०० च्या आसपास असते. त्यात ५७८० चा खड्डा एक टक्क्याच्या आसपास उरतो, तेव्हा तो नाद सोडावा. पण ४४२८ चा पट्टा याच ताऱ्यात पाच अँगस्ट्रॉमहून अधिक प्रकाश खातो आणि मुळातच रुंद आहे, म्हणून त्या जाळीतही त्याची खोली दहा टक्क्यांच्या घरात राहते. अडचण शेजाऱ्यांची आहे : ४३८७ आणि ४४७१ वर ताऱ्याच्या हेलियमरेषा, ४३४० वर हायड्रोजन. त्यासाठी मृगातल्या राजन्याचा (रायजेल) वर्णपट त्याच मांडणीत घ्या. राजन्य बी८ वर्गाचा महाराक्षसी, म्हणजे एचडी १८३१४३ चा जवळचा भाऊबंद, आणि धुळीचा परिणाम त्याच्यावर नगण्य. दोन्ही वर्णपट सलग पातळीला, म्हणजे रेषा आणि पट्टे नसलेल्या भागातल्या उजेडाला, १ धरून एकावर एक ठेवले की ४४२८ पाशी उरलेला फरक ढगांचा.

महाराष्ट्रातून हा तारा घेण्याची सोय उत्तम आहे. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) उत्तरेला १८ अंशांहून थोडी जास्त, म्हणजे पुण्या-मुंबईहून तो जवळजवळ डोक्यावरून जातो आणि वातावरणाचा थर सर्वांत कमी लागतो. ऐन रात्री तो माथ्यावर असतो तेव्हा आपल्याकडे जुलैचा पाऊस असतो, हे खरे दुर्दैव. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत अंधार पडताच, किंवा एप्रिल-मेमध्ये पहाटे, असे दोन हंगाम धरा. राजन्य ऑक्टोबरमध्ये रात्री उशिरा उगवतो. त्याच रात्री त्याचीही प्रतिमा घ्या, म्हणजे उपकरणाची मांडणी हलणार नाही.

अल्पीवर या ताऱ्यासाठी २ मिनिटांच्या १५ प्रतिमा पुरेशा आहेत. ५ मिनिटांच्या घेतल्या तर लहान पिक्सेलच्या सीमॉस कॅमेऱ्यात सर्वांत उजळ पिक्सेल भरून वाहण्याची भीती असते. तो पूर्ण क्षमतेच्या दोन तृतीयांशाच्या आत ठेवा. ६००० विभेदनाचे उपकरण असेल (लायर्स ३ या वर्णपटलेखकात १२०० रेषांची जाळी घातल्यावर साधारण इतके मिळते), तर १० मिनिटांच्या ६ ते ९ प्रतिमा घ्या. पहिल्या रात्री त्याहून उजळ तारा घेऊन सराव करावा : हंसातला ५५ सिग्नी (प्रत ४.८) किंवा कृत्तिकांपासून जवळ, ययातीतला झीटा पर्सेई (प्रत २.९).

प्रश्न (कोल्हापूर) : ६००० विभेदनावर एचडी १८३१४३ च्या ५७८० ची समतुल्य रुंदी एका रात्री ०.६६ आणि चार दिवसांनी ०.८१ आली. पट्टा खरेच बदलतो का?

चार दिवसांत नाही. ढग प्रकाशवर्षे रुंद असतात. फरक मोजणीत आहे आणि तो कुठून येतो ते शोधता येते. आमचा पहिला संशय तुमच्या गल्लीतल्या दिव्यांवर आहे.

पाऱ्याच्या बाष्पाच्या दिव्यांत, आणि म्हणून ट्यूबलाइट व सीएफएलमध्येही, दोन पिवळ्या रेषा असतात : ५७६९.६ आणि ५७९०.७. ५७८०.५ च्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या अंतरावर त्या बसतात, म्हणजे नेमक्या तिथेच, जिथे आपण सलग पातळी ठरवायला टेकू घेतो. आकाशाची पार्श्वभूमी अपुरी वजा झाली तर या रेषांचा उरलेला प्रकाश दोन्ही टेकू वर उचलतो आणि पट्टा खोटाच खोल दिसतो. जास्त वजा झाली तर उलट. पांढऱ्या एलईडीचे वेगळेच. त्यांना रेषा नसतात, पण ५५०० ते ६००० च्या भागात रुंद उंचवटा असतो. तो शिल्लक राहिला तर सगळ्याच पातळीत परका प्रकाश मिसळतो आणि पट्टा उथळ होतो : १० टक्के परका प्रकाश राहिला की ०.७५ चे ०.६८ होते.

तपासायची रीत अशी. वर्णपटलेखकात प्रकाश शिरतो त्या चिरेच्या लांबीवर ताऱ्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडून पार्श्वभूमीची पट्टी घ्या; तारकेच्या रेघेपासून किमान तिच्या रुंदीच्या तिप्पट लांब. नुसत्या पार्श्वभूमीचा वर्णपट काढून त्यात ५४६०.७ ची हिरवी पाऱ्याची रेषा शोधा. ती दिसली तर पिवळ्या दोन्ही आहेतच. आता वजाबाकीनंतरच्या ताऱ्याच्या वर्णपटात ५४६०.७ ला उंचवटा किंवा खळगा उरतो का ते पाहा. उरत असेल तर ५७८० वर विश्वास ठेवू नका. चीर तिरकी असेल, म्हणजे दिव्याच्या रेषा प्रतिमेत कलत्या दिसत असतील, तर आधी ती प्रतिमा सरळ करावी लागते, नाहीतर वजाबाकी कधीच नीट होत नाही.

दुसरा संशय सलग पातळीवर. ५७८० आणि ५७९७ या दोघांच्या खाली ५७७८ च्या आसपास केंद्र असलेला एक उथळ, बराच रुंद पट्टा पसरलेला आहे. लांबचे टेकू घेतले तर तोही मोजणीत येतो; जवळचे घेतले तर वगळला जातो. दोन्ही पद्धती प्रचारात आहेत, त्यामुळे जुन्या शोधनिबंधांतल्या आकड्यांशी तुलना करताना हे पाहावेच लागते. ६००० विभेदनावर आमची शिफारस जवळच्या टेकूंची : सुमारे ५७७२ ते ५७७५ आणि ५७८६ ते ५७८९, त्यांतून सरळ रेषा, आणि बेरीज ५७७५ ते ५७८५. वक्र बहुपदी बसवू नका. तो पट्ट्याच्या आत झुकतो, आकडा कमी करतो आणि नजरेला मात्र छान दिसतो.

या गोष्टीचे वजन किती, ते हिशेबाने पाहा. प्रति पिक्सेल एसएनआर १०० असेल तर निव्वळ गोंगाटामुळे येणारी चूक ०.०१ अँगस्ट्रॉमच्या आसपास. सलग पातळी केवळ ०.२ टक्क्याने वर-खाली ठेवली तर १० अँगस्ट्रॉमच्या बेरजेत ०.०२ ची चूक. म्हणजे आणखी तासभर प्रकाश गोळा करण्यापेक्षा पातळी नीट ठरवण्यात जास्त फायदा आहे. प्रत्येक वर्णपट टेकू थोडे सरकवून पाच वेळा मोजा आणि त्या पाच आकड्यांचा पसारा हीच चूक म्हणून लिहा.

तिसरे, फ्लॅट, म्हणजे धूळकण आणि पिक्सेल यांचा असमानपणा काढण्यासाठी दिव्याच्या उजेडात घेतलेल्या प्रतिमा. टंगस्टन दिव्याचे किमान २० फ्लॅट, दुर्बीण ताऱ्यावर असतानाच्याच स्थितीत घ्या. उपकरण लोंबत असेल तर फ्लॅट घेताना दुर्बीण उभी आणि तारा घेताना आडवी, एवढ्यानेही धूळकणांच्या सावल्या पिक्सेलभर सरकतात आणि एक-दीड टक्क्याचे खोटे खळगे उभे राहतात. तरंगलांबीसाठी निऑनच्या ५७६४.४२, ५८२०.१६, ५८५२.४९ आणि ५८८१.९० या रेषा दोन्ही बाजूंनी सोयीच्या आहेत. प्रतिमांच्या आधी आणि नंतर, असा दोनदा दिवा लावा.

प्रश्न (पणजी) : माझ्या वर्णपटात ६२८४ चा पट्टा ५७८० च्या दुपटीहून मोठा येतो. कमी लालावलेल्या ताऱ्यांतही तो आहेच. असे का?

६२८४ मुळातही ५७८० च्या दुपटीच्या आसपास असतो, पण त्यात आपल्या हवेतला प्राणवायूही मिसळला आहे. ६२७६ पासून ६३२० च्या आसपासपर्यंत वातावरणातल्या ऑक्सिजनच्या रेषांची रांग लागते आणि ६२८४ तिच्यातच येतो. त्याच रात्री मघा ताऱ्याचा वर्णपट घ्या. मघा स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो की त्याच्या स्वतःच्या रेषा फासून गेलेल्या असतात. अरुंद जे काही दिसते ते वातावरणाचे. मघा वर नसेल तर सप्तर्षींतला मरीची चालतो. तुमच्या ताऱ्याचा वर्णपट याने भागा. दोघांची उंची वेगळी असेल तर भागण्याआधी मानक (म्हणजे मघाचा किंवा मरीचीचा) वर्णपट दोन्हींच्या वायुथराच्या गुणोत्तराच्या घातांकाला चढवा : तारा १.५ थरातून आणि मानक १.२ थरातून पाहिला असेल तर घातांक १.२५. प्रबळ रेषा या नियमाला पूर्ण जुमानत नाहीत, म्हणून घातांक थोडा पुढेमागे करून ६२७८ च्या आसपासच्या ऑक्सिजनरेषा नाहीशा होईपर्यंत जुळवा.

ऑक्सिजनचे प्रमाण रात्रभर स्थिर असते म्हणून हे जमते. बाष्पाचे तसे नाही. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ५८८० ते ५९६० मधल्या पाण्याच्या रेषा तासाभरात बदलतात, तेव्हा सोडियमच्या ५८९० आणि ५८९६ जवळ काम करताना मानक तारा लगोलग घ्यावा.

प्रश्न (ठाणे) : धूळ जास्त तर पट्टा जास्त, असे सरळ गणित आहे का? एकावरून दुसरे काढता येते?

ढोबळ मानाने हो. रंगाधिक्य, म्हणजे धुळीमुळे तारा जितका लालावला तो आकडा, दर एक प्रतीमागे ५७८० ची समतुल्य रुंदी साधारण अर्धा अँगस्ट्रॉम वाढते. एचडी १८३१४३ चा मोजलेला रंगनिर्देशांक (निळ्या आणि दृश्य प्रतींतला फरक) सुमारे १.२, त्या वर्गाच्या ताऱ्याचा मूळ सुमारे उणे ०.०५, फरक सव्वा प्रतीच्या आसपास. गणिताने सहा दशांशांच्या थोडे वर यायला हवे, प्रत्यक्षात पाऊण येते. इतपत विसंगती नेहमीचीच.

पण या नियमाला छेद देणारी जोडी आपल्याकडे उन्हाळ्यात सहज दिसते आणि ती जरूर मोजावी. ज्येष्ठेशेजारचा सिग्मा स्कॉर्पी आणि भुजंगधारीतला झीटा ओफियुची. रंगाधिक्य अनुक्रमे ०.४ आणि ०.३२, म्हणजे फारसा फरक नाही. ५७९७ दोघांत जवळपास सारखा. ५७८० मात्र सिग्मामध्ये झीटाच्या तिपटीहून मोठा! सिग्मा स्कॉर्पीपुढच्या ढगावर अतिनील प्रकाशाचा मारा आहे. झीटा ओफियुचीपुढचा ढग आतून अधिक झाकलेला आहे. म्हणजे ५७८० ज्याच्यामुळे होतो तो रेणू झळ लागलेल्या भागात टिकतो किंवा तयार होतो आणि ५७९७ चा रेणू आडोशाला. या दोन ताऱ्यांच्या नावांवरूनच ढगांचे सिग्मा आणि झीटा असे प्रकार पडले. ५७८० भागिले ५७९७ हे गुणोत्तर ढगाची परिस्थिती सांगते, म्हणून दोन्ही पट्टे नेहमी एकाच वर्णपटातून मोजा.

घनदाट ढगांच्या गाभ्यात गेल्यावर धूळ वाढत राहते, पण पट्टे त्या प्रमाणात वाढत नाहीत. तेव्हा पट्ट्यावरून धूळ काढताना विरळ ढगांपुरतेच थांबावे. सोडियमच्या रेषांवरून काढण्यापेक्षा मात्र हे बरे, कारण त्या लवकर संपृक्त होतात, म्हणजे वायू वाढला तरी त्या प्रमाणात वाढत नाहीत.

प्रश्न (बेंगळुरू, पदव्युत्तर विद्यार्थिनी) : शंभर वर्षांत एवढ्या पट्ट्यांपैकी नेमके किती ओळखले गेले?

सर्वमान्य ओळख एकाच रेणूची आहे : एक इलेक्ट्रॉन गमावलेला सी-६०, म्हणजे कार्बनच्या ६० अणूंचा पोकळ गोळा. ९५७७ आणि ९६३२ हे पट्टे त्याचे असावेत, असे १९९४ मध्ये बर्नार फॉइंग आणि पास्काल एरेनफ्रॉइंड यांनी सुचवले. तेव्हा प्रयोगशाळेतले माप गोठवलेल्या निऑनमध्ये घेतलेले होते आणि गोठलेल्या माध्यमात रेषा जागा बदलतात, म्हणून खात्री नव्हती. बाझेल विद्यापीठातल्या जॉन मायर यांच्या गटाने २०१५ मध्ये हा आयन विद्युत-सापळ्यात सुमारे ६ केल्व्हिनपर्यंत थंड केला, त्याला हेलियमचा एक अणू चिकटवला आणि लेसरची तरंगलांबी बदलत नेली. योग्य तरंगलांबी शोषली की हेलियम सुटतो. किती सुटले ते मोजायचे. मिळालेल्या तरंगलांब्या ताऱ्यांतल्या पट्ट्यांशी जुळल्या. वर्णपटाचा हा भाग आपल्या हवेतल्या बाष्पाच्या रेषांनी भरलेला असल्याने याच आयनाच्या क्षीण सोबती-पट्ट्यांवर वाद राहिला. हबल दुर्बिणीने वातावरणाबाहेरून घेतलेल्या वर्णपटांनी २०१९ मध्ये तो मिटवला.

बाकीचे अडले आहेत ते याच कारणाने. उमेदवार रेणू, बहुधा कार्बनचे मोठे, वायुरूपात, अतिथंड आणि अनेकदा आयन स्थितीत मोजावा लागतो. एकेका रेणूवर वर्षे जातात. पट्टे धूलिकणांचे नसून मुक्त रेणूंचे आहेत याला आधार भक्कम आहे. धूलिकणांमुळे दिसावा तसा ध्रुवीकरणाचा बदल पट्ट्यांत दिसत नाही. शिवाय १९९५ मध्ये पीटर सार आणि सहकाऱ्यांनी अतिउच्च विभेदनाने ६६१४ च्या पोटात तीन शिखरे वेगळी दाखवली. रेणूच्या परिवलनातून येते तशी ती रचना आहे. सर्वांत जवळचे नाते ६१९६ आणि ६६१४ यांचे, सहसंबंध ०.९८६. तरी त्यांचे आकार ढगागणिक सारखे बदलत नाहीत, म्हणून दोघांचा रेणू एकच असे म्हणणे घाईचे ठरेल.

भारतात या कामाला लागणारे विभेदन हान्ले येथील दोन मीटर हिमालयन चंद्र दुर्बिणीवरच्या एशेल वर्णपटलेखकात (३०,००० आणि ६०,०००) आणि कावलूरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीवर आहे. ९५७७ करायचा असेल तर हान्लेच. साडेचार हजार मीटर उंचीवरची कोरडी हवा त्या कामाला लागतेच.

प्रश्न (न्यू जर्सी) : धूळ कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश अडवते त्या आलेखातला २१७५ चा प्रसिद्ध उंचवटा घरून दिसेल का?

नाही. ३००० च्या खालचे सगळे ओझोन अडवतो. तो १९६५ मध्ये थिओडोर स्टेचर यांनी रॉकेटवरून टिपला, आणि तो सर्वस्वी वेगळा आहे : शेकडो अँगस्ट्रॉम रुंद, बहुधा कार्बनी कणांचा किंवा मोठ्या रेणूंच्या गर्दीचा.

प्रश्न (सातारा) : उपकरण घेणे शक्य नाही. तयार माहितीवर काही करता येईल?

भरपूर. फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या एलोडी वर्णपटलेखकाचा संग्रह खुला आहे. विभेदन ४२,०००, व्याप्ती सुमारे ३९०० ते ६८००. त्यातून ओ आणि बी ताऱ्यांचे वर्णपट घेऊन वर कोल्हापूरच्या वाचकांना सांगितलेली मोजणी तशीच करा.

ताऱ्यांची स्थाने आणि अंतरे मोजणाऱ्या गाइया यानाच्या २०२२ च्या माहितीसाठ्यात ८६२० च्या पट्ट्याची मोजमापे पावणेपाच लाखांच्या आसपास ताऱ्यांसाठी दिली आहेत. प्रत्येकाला ० ते ५ अशी दर्जाची खूण आहे, ० सर्वोत्तम. सुरुवातीला फक्त ० आणि १ ठेवा. समतुल्य रुंदी अँगस्ट्रॉममध्ये घेऊन २.७ ने गुणली की रंगाधिक्याचा अंदाज येतो. हा गुणक उलिस्से मुनारी आणि सहकाऱ्यांनी काढलेला. एखाद्या दिशेभोवती दोन अंशांच्या वर्तुळातले तारे निवडा, ते अंतराप्रमाणे लावा आणि समतुल्य रुंदीचा आलेख काढा. जिथे आकडा पायरीसारखा वर चढतो, तिथे ढग आहे. वृश्चिक-भुजंगधारीची दिशा सुरुवातीला चांगली. तिथले ढग साडेचारशे प्रकाशवर्षांच्या आसपास असल्याने पायरी लवकर लागते.

गाइयाच्या तरंगलांब्या निर्वातातल्या आहेत. हवेतला ८६२०.४ तिथे ८६२२.८ च्या आसपास सापडेल. हा २.४ अँगस्ट्रॉमचा फरक विसरलात तर ढगाला सेकंदाला ८० किलोमीटरहून जास्त खोटा वेग चिकटेल.